ज्याचा दम कमी, त्याचा वेग

फौजी आणि मास्तर शाळेपासूनचे मित्र. एक हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाला आणि आता गावाबाहेरच्या मैदानावर भरतीच्या पोरांना पळवतो. दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पळण्यावर दोघांचाही जीव, पण कशासाठी पळायचं यावर त्यांचं कधी जमलं नाही. फौजीच्या मते घड्याळाशिवाय पळणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. मास्तरच्या मते घड्याळ लावून पळणं म्हणजे आणखी एक नोकरी. तरी अधूनमधून एखाद्या रविवारी दोघं डोंगरात लांब पळायला जातात, आणि त्यांच्यामागं धापा टाकत मीही जातो. पुढचं बोलणं मी मागून ऐकलेलं आहे. काही वाक्यं वाऱ्यानं नेली, ती गेली.

आश्विन सरत आला होता. पालीच्या बिंदुसरा तलावापासून उजाडायला निघायचं, बालाघाटाच्या पठारावरून आडवाटेनं कपिलधार गाठायचं आणि परत फिरायचं, असं ठरलं. वळणं-वळसे धरून पंचवीसेक किलोमीटर होतं. बीडमध्ये ‘डोंगरात पळायला चाललो’ म्हटलं की लोक आधी ‘का, काय झालं?’ असं विचारतात.

बालाघाट म्हणजे काही सह्याद्री नव्हे. कडे नाहीत, सुळके नाहीत, फोटोत उठून दिसावं असं फारसं काही नाही. एक चढण चढली की लांबच लांब सपाटी. पायाखाली सुटा मुरूम, मध्येच उघडा पडलेला काळा खडक, तरवडाची पिवळी फुलं, बोरी, हिवर, आणि उतारावर जिकडंतिकडं सीताफळाची झुडपं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण डोंगरातल्या झाडाला ते कुणी सांगितलेलं नाही. त्याला पाणी कुणी घालत नाही आणि राखणही कुणी करत नाही. पळणाऱ्याला ही सपाटी फसवते. चढ संपला म्हणून वेग वाढवावा तर मुरमावर पाय सरकतो आणि घोटा मुरगळतो.

पहिली ठिणगी चढ संपताच पडली.

फौजी: काय चालवलंयस हे? किलोमीटरला आठ मिनिटं! दिंडीतली म्हातारी याच्यापेक्षा नेटानं चालती.

मास्तर: तू आत्ता न थांबता अख्खं वाक्य बोललास ना? मग वेग बरोबर आहे. लांब पळताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की समजायचं, जास्त होतंय.

फौजी: ही तुझी पुस्तकी अक्कल.

मास्तर: पुस्तकी का असेना, मोजून काढलेली आहे. स्टीफन सायलर नावाचा शास्त्रज्ञ आहे, अमेरिकेचा, नॉर्वेत काम करतो. त्यानं जगातल्या अव्वल खेळाडूंचे सराव तपासले, वल्हवणारे, बर्फावर स्की करणारे, पळणारे. शंभरातले ऐंशी सराव हे लोक असेच हळू, बोलत-चालत करतात. त्या वेगात स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं. साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपते, मग कशावर पळणार तू?

फौजी: आणि राहिलेले वीस सराव? त्यात ते लोक रक्त ओकेस्तोवर पळतात. ते सोयीनं गाळतोस तू. ऐंशी तेवढे धरून बसलायस.

मास्तर काही बोलला नाही. मला वाटतं, या मुद्द्यावर फौजीचंच बरोबर होतं. हळू पळण्याचं शास्त्र सांगणाऱ्या आमच्यासारख्या चाळिशीपलीकडच्या लोकांना त्यातला अर्धाच भाग आवडतो.

फौजी: माझ्या पोरांकडं ऐंशी टक्क्याला वेळच नाही. पोलीस भरतीत मैदानी परीक्षा पन्नास गुणांची. त्यात १६०० मीटरला वीस गुण. ते सगळे पाहिजे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यायचं. पुढं प्रत्येक टप्प्याला गुण कापत जातेत. पोरगं पहाटे चारला उठून डांबरी सडकेवर पळतंय ते निसर्ग बघायला नाही. त्याचे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जाणार. त्याला कोयता धरायचा नाही म्हणून ते पळतंय. त्याला मी सांगू का, बाबा, वाक्य पुरं होईल एवढंच पळ?

खाली महामार्ग दिसत होता. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि पोरंबाळं भरलेली वाहनं पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागायचे हे दिवस. बीडमध्ये नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत उसाच्या फडात राबायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. मास्तरच्या वर्गातली काही पोरं दर वर्षी या वाहनांत बसून जातात.

मास्तर: म्हणून तर म्हणतो. आपल्या जिल्ह्यात माणसाच्या पायाला कायम कुणीतरी जुंपलेलं असतं. कधी मुकादम, कधी भरती. नाहीतर पाण्याची खेप. माझ्या आईनं जितकं चालून पाणी आणलं, तितकं कुणी मॅरेथॉनवाला पळला नसेल. पण एक पाऊल तिनं तिच्या मर्जीनं टाकलं का? मला आठवड्यातनं एक सकाळ अशी पाहिजे की पाय माझे, वाट माझी, आणि विचारणारं कुणी नाही.

फौजी: तुला पगार आहे म्हणून पाहिजे. एक तारखेला खात्यात पैसे पडतेत म्हणून तुला डोंगर गोड लागतो.

मास्तर: मान्य. पण ज्याला पगार नाही त्याला डोंगर गोड लागूच नये, हा कुठला न्याय?

इथं दोघांनाही थांबावं लागलं, कारण मेंढरांचा कळप आडवा आला आणि कळपाची दोन कुत्री आमच्यावर धावली. फौजीनं हात खाली सोडून चालायला सुरुवात केली आणि आम्हालाही तेच करायला लावलं. पळणाऱ्याच्या मागं कुत्रं लागतं, चालणाऱ्यावर नुसतं भुंकतं. दगड उचलायचा नाही, मेंढपाळाला लांबूनच रामराम घालायचा. मेंढपाळानं शीळ घातली, कुत्री फिरली. त्यानं आमच्या बुटांकडं पाहून विचारलं, “कुठल्या गावाला?” मास्तर म्हणाला, “कुठंच नाही, असंच पळायलाव.” म्हातारा हसला. ते हसू कुणाच्या बाजूचं होतं हे दोघांनी आपापल्या परीनं ठरवून टाकलं.

मग धावपटू अविनाश साबळेचा विषय निघाला. बीडमध्ये पळण्यावर चार वाक्यं झाली की पाचव्याला तो निघतोच.

मास्तर: आष्टी तालुक्यातलं मांडवा. वाहन नाही म्हणून सहा किलोमीटर शाळेला पायी, कधी चालत, कधी पळत. कुठला ट्रॅक अन् कुठला कोच! ह्या मुरमानं घडवला तो गडी.

फौजी: मुरूम घडवतो म्हणतोस, मग एकच का घडला? आपल्या वर्गात शाळेला पायी येणारी किती होती? मी होतो, तूबी होतास. आपण का नाही गेलो ऑलिंपिकला? त्याला घडवलं फौजेनं. बारावीनंतर महार रेजिमेंटला गेला, सियाचीन काढलं, राजस्थान काढलं. २०१५ ला फौजेच्या क्रॉस कंट्रीत उतरला. मग अमरीश कुमारांनी हेरलं, २०१७ ला स्टीपलचेसला वळवलं. त्याला खुराक कुणी दिला? बूट कुणी दिले? पहिल्यांदा पळण्यासाठी पगार कुणी दिला?

मास्तर: आणि त्याला स्टीपलचेसच का जमलं, ते सांग की.

फौजी: ते तूच सांग. मी फक्त खेळ सांगतो. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, सात पाण्याच्या उड्या. अडथळा कमरेच्या खाली, जवळजवळ तीन फूट, पण हर्डलसारखा पडत नाही, लाकडी ओंडका घट्ट उभा असतो. धडकलास तर तू पडतोस. दर उडीला लय मोडते आणि दर उडीनंतर ती नव्यानं धरावी लागते.

मास्तर: हेच! सपाट ट्रॅकवर वाढलेल्याला ते शिकावं लागतं, खाचखळग्यांत वाढलेल्याच्या पायात ते असतंच. बरं, ललिता बाबर घे. माण तालुका, मोही गाव. तिथंबी दुष्काळ, तिथंबी डोंगर. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली, दहावी आली. २०२४ ला पॅरिसला साबळे त्याच खेळाच्या अंतिम फेरीत, अकरावा. महाराष्ट्रातले दोन कोरडे तालुके आणि खेळ एकच.

फौजी: दोन माणसांवर सिद्धांत बांधतोस? शाळेत पोरांना असंच शिकवतोस का गणित?

मी मागून ऐकत होतो आणि मला वर्तमानपत्रातली ती नेहमीची वाक्यं आठवत होती: गरिबीनं पायात बळ दिलं, संकटांनी घडवलं. ही वाक्यं लिहिणाऱ्याला आवडतात, वाचणाऱ्याला आवडतात आणि मुख्य म्हणजे सरकारला फुकट पडतात. सहा किलोमीटरच्या वाटेवर एसटी का नव्हती, हा प्रश्न त्यात विरून जातो. त्या वाटेनं चाललेल्या बाकीच्या पोरांचं पुढं काय झालं, हे कुणी छापत नाही. फौजीनं विचारलेलं ‘एकच का?’ हे मला मास्तरच्या मुरमापेक्षा वजनदार वाटलं. पण मास्तरचंही अगदी सोडून देता येत नाही. पळणं अंगात आधीच होतं, म्हणून तर फौजेला ते सापडलं.

फौजी: आणि घड्याळ नको म्हणतोस ना? २०२२, बर्मिंगहॅम. केनियाचा किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, आपला ८ मिनिटं ११.२०. पाच शतांश! डोळा लवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सोनं गेलं, चांदी राहिली.

मास्तर: ती चांदी साधी आहे का? १९९८ पासून राष्ट्रकुलातलं त्या शर्यतीचं एकबी पदक केनियानं बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

फौजी: साधी कोण म्हणतंय? मी पाच शतांशाचं बोलायलोय. ते पाच शतांश कुठल्यातरी मंगळवारच्या सरावात असतेत. तुझ्यासारखं तरवडाची फुलं बघत पळणाऱ्याला सापडत नाहीत.

मास्तर: आणि पुढल्या वर्षी हांगझोऊ? एशियाडचं सोनं, ८ मिनिटं १९.५०, स्पर्धेचा विक्रम. दुसरा गडी कुठल्या कुठं मागं होता.

फौजी: म्हणजे एकटाच पळाला ना? मग एरवी ‘सोबत, सोबत’ म्हणून डोकं का खातोस माझं?

कपिलधार येईपर्यंत हा प्रश्न लोंबकळत राहिला. मन्मथस्वामींची समाधी इथं आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला लातूर-नांदेडकडून, कर्नाटकातून भाविक दिवसेंदिवस चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रेला अवकाश होता, धबधब्याची धार बारीक झाली होती आणि पायऱ्यांवर माकडांशिवाय फारशी वर्दळ नव्हती. आम्ही बसलो ते मुख्यतः कुसळं काढायला.

कुसळ हा काय प्रकार आहे हे बालाघाटात पळल्याशिवाय कळत नाही. गवताचं हे बी पुढून सुईसारखं टोकदार, मागं लांब केसाळ शेपटी. दहिवरानं ओली झाली की शेपटीचा पीळ सुटतो, उन्हानं वाळली की ती पुन्हा पीळ घेते; या फिरण्यानं बी जमिनीत घुसतं. मोज्यातही तसंच. आधी नुसतं टोचतं, पाच किलोमीटरनंतर ते कातडीत शिरलेलं असतं. वरून ओढलं तर मोडतं. मोजा उलटा करून, टोकाकडून चिमटीत धरून, ज्या दिशेनं शिरलं त्याच दिशेनं बाहेर काढायचं. मास्तर गूळ-शेंगदाणे वाटत होता आणि फौजी माझा मोजा मांडीवर घेऊन एकेक कुसळ काढत होता. मला तेवढं वाकवत नव्हतं.

मास्तर: एकट्याचं म्हणालास ना? शर्यतीच्या दिवशी माणूस एकटाच असतो. सरावाला एकटं राहून कुणाचं भागलेलं नाही. केनियाचे लोक घोळक्यानं पळतात. किपचोगेनं २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉन दोन तासांच्या आत आणली, एक तास एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंद. त्याच्याभोवती पाळीपाळीनं एक्केचाळीस जण पळत होते. वारा अडवायला, वेग धरायला.

फौजी: ते त्याच्या वेगानं पळत होते. तो त्यांच्या वेगानं नाही. ह्याला म्हणतात सोबत. पुढं ओढणारी. तुझी सोबत मागं ओढती.

मास्तर: बरं. मग तुझ्या मैदानावर पोरी किती आहेत?

फौजी: आहेत की. आठशे मीटरच्या.

मास्तर: पहाटे एकट्या येतात?

फौजी: एकट्या कशा येतील? कुणाचा भाऊ येतो, कुणाचा बाप मोटारसायकल घेऊन मागं. नाहीतर चौघी-पाचजणी मिळून. अंधारात सडकेवर एकटी पोरगी पळायला लागली तर गाव काय म्हणेल, अन् गावातली टगी काय करतील, मला सांगायला लावतोस का?

मास्तर: मग त्या चौघीत जी मागं पडते, तिला टाकून बाकीच्या तिघी पुढं जातात का?

फौजीनं हातातलं कुसळ टाकलं. “जात नाहीत,” तो म्हणाला. “मी जाऊ देत नाही. जातानाचं पळणं वेळेवर, येतानाचं सगळ्यांनी मिळून. ती वेगळी गोष्ट आहे.”

“वेगळी कशी?”

“तिथं पोरींच्या जिवाचा सवाल आहे.”

“आणि फौजेत? गस्तीला निघालात की जो मागं पडतो त्याला सोडून येत होतात?”

“येडा का खुळा? तिथं घड्याळ बघत नसतेत. तिथं माणसं मोजायची असतात. निघाले तितके परत आले पाहिजेत.”

मास्तरनं विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. मला मात्र तो विजय वाटला नाही. फौजी दोन्ही नियम पाळत आला होता आणि कुठला नियम कुठं लावायचा हे त्याला ठाऊक होतं. परीक्षेच्या मैदानावर घड्याळ, मैदानाबाहेर माणसं. मास्तरला फक्त दुसराच नियम पाहिजे, कारण त्याच्या सगळ्या परीक्षा कधीच देऊन झाल्या आहेत. भरतीच्या पोराला डोंगर दाखवून ‘घड्याळ सोड’ म्हणणं हा क्रूरपणा होईल. तसंच पन्नाशीला टेकलेल्या मित्राला दर किलोमीटरला वेळ वाचून दाखवणं हाही एक प्रकारचा वेडेपणाच. फौजीला हे दुसरं अजून पटत नाही. निवृत्त होऊन तो मैदानातच राहिला, तिथून बाहेर आलाच नाही.

परतीला ऊन चढलं. पठारावर सावली म्हणावी अशी नाहीच. हिवराची सावली अंगाला लागत नाही. माझ्या मांडीत गोळा आला आणि बोलणं तुटलं, म्हणजे मास्तरच्या कसोटीवर मी नापास. मी नुसतं पाणी ढोसत सुटलो होतो. घामातून मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी पीत राहणं बरं नव्हे. फौजीनं कमरेच्या पिशवीतून साखर-मीठ कालवलेली बाटली काढून दिली. मग मला काही न विचारता त्यानं सर्वांत पुढं उभं केलं.

मी म्हणालो, “अरे, मी हळू आहे. मागं राहतो.”

फौजी: म्हणून तर पुढं हो. मागं राहिलास तर आमच्या बरोबरीनं यायला बघशील आणि फुटशील. पुढं राहिलास की आम्हालाच तुझ्या मापानं यावं लागतं. ज्याचा दम कमी, त्याचा वेग.

मास्तर: सकाळपासून मी दुसरं काय बोलत होतो?

फौजी: तू तत्त्वज्ञान सांगत होतास. मी कायदा सांगायलोय.

पालीपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर आम्ही थोडं पळत, थोडं चालत आलो. फौजीनं घड्याळ बंद केलं नव्हतं, फक्त वाचून दाखवायचं थांबवलं होतं. मास्तर मात्र घड्याळ न बघता दर वळणावर ‘किती राहिलं रे?’ विचारत होता, हेही इथं नोंदवून ठेवतो. वाद मिटला नाही. तलावावर पोचल्यावर तो भरती सोळाशेऐवजी पाच किलोमीटरची करावी की नाही, या नव्या विषयावर सुरू झाला आणि चहाच्या टपरीपर्यंत पुरला.

तुम्हाला बालाघाटात पळायला जायचं असेल तर आश्विन-कार्तिक बरा, त्याआधी चिखल आणि त्यानंतर गवत वाळून कुसळं फार. निघताना माणशी दोन लिटर पाणी घ्या, साखर-मीठ घ्या. घरी वाट सांगून ठेवा. डोक्यावर ऊन यायच्या आत परत फिरा. पाटोद्याकडच्या नायगाव मयूर अभयारण्यात शिरायचं असेल तर आधी वनखात्याला विचारा. एकटे जाऊ नका, आणि दोघं गेलात तर हळू पळणाऱ्याला पुढं घाला.